खिशातले साडेतीन तास

कोल्हापूरला समुद्र नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी निवृत्त होऊन मंगळवार पेठेत राहायला आल्यापासून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ते मला नव्याने सांगतं. सांगणाऱ्यांत माझा शाळासोबती तानाजी पहिला.

"आरं, हितं उन्हाळ्यात पंचगंगेत म्हस बुडंना, आणि तू म्हणं बोटीचं रस्तं आखत हुतास. पाण्यावर कसला आलाय रस्ता? सगळं रिकामंच की!"

सगळं रिकामं असतं हीच तर अडचण आहे. रस्ता असता तर आखायला कशाला लागला असता? पण तानाजीला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, नकाशावर इथून तिथं फूटपट्टी ठेवायची, एक रेघ मारायची आणि चहा प्यायचा. चहा आम्ही प्यायचो, ते खरं आहे. बाकीचं सांगतो.

मालवाहू जहाजावर कप्तान असतो आणि त्याच्या हाताखाली तीन अधिकारी. त्यातल्या दोन नंबरच्याकडे, म्हणजे सेकंड ऑफिसरकडे, दोन कामं असतात. एक म्हणजे जहाजाचा मार्ग आखून कुठे कधी पोचणार त्याचं गणित करणं, आणि दुसरं म्हणजे औषधांचं कपाट सांभाळणं. ही दोन कामं एकाच माणसाकडे का दिली, हे मला कधी कोणी सांगितलं नाही. पुढे मी कप्तान झालो, बरीच वर्षं जहाजं चालवली, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कप्तान झाल्यावर माणूस सह्या करतो. सेकंड असताना मी काम केलं.

आधी रेघेचं सांगतो. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ लांब समुद्रप्रवासात जवळची नसते. हे तानाजीला समजावायला मी एक कलिंगड आणलं, त्यावर पेनाने दोन ठिपके काढले आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून दाखवला. दोरा ज्या वाटेने बसतो ती सगळ्यात जवळची वाट, आणि सपाट कागदावर तीच वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते. तानाजीने नीट बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि कलिंगड कापून खाल्लं. मला वाटतं त्याला समजलं असावं.

मग त्या वाटेवर टप्पे पाडायचे. प्रत्येक टप्प्याला दिशा किती, अंतर किती, जहाजाच्या तळाखाली पाणी किती, कुठे खडक आहेत, कुठे वादळांचा हंगाम चालू आहे, आणि मधेच काही वाईट झालं तर कुठल्या बंदराकडे पळायचं, हे सगळं लिहायचं. ते लिहून कप्तानाला दाखवायचं. कप्तान त्यात एखादा बदल सुचवतो, कारण काहीच सुचवलं नाही तर त्याने वाचलं नाही असं दिसेल.

आणि शेवटी वेळ. अंतर भागिले वेग, चौथीचं गणित. आमचं जहाज ताशी साडेतेरा सागरी मैल जायचं. ऐकायला बरं वाटतं, पण ते मोपेडपेक्षा कमीच भरतं. त्यातही तळाला शेवाळ आणि शिंपले धरले की वेग उतरतो. समोरून वारा आला की उतरतो. प्रवाह पाठीमागून असला की फुकटात वाढतो, आडवा असला की जहाज खेकड्यासारखं तिरकं चालतं. वेग जरा वाढवावा म्हटलं तर तेल अवाच्या सवा जळतं आणि चीफ इंजिनिअर जेवणाच्या टेबलावर बोलायचा बंद होतो. शिवाय पोचायचं ते भरतीच्या वेळेला. भरती चुकली की बंदराबाहेर ताटकळत बसायचं. लवकर पोचून उपयोग नाही, उशिरा पोचून तर नाहीच नाही.

आता कोल्हापुरात माणूस वेळ सांगताना कमी करून सांगतो. "आलोच, दसरा चौकात हाय," म्हणणारा घरात टॉवेलवर असतो. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही. जहाजावर नेमकं उलटं. तिथे प्रत्येक जण वाढवून सांगतो. आम्ही त्याला 'खिशातले तास' म्हणायचो.

मी हे पहिल्याच वर्षी शिकलो. नवीन सेकंड होतो, हिशेब चोख केला आणि कप्तानाला अगदी मिनिटाला वेळ सांगितली. मोठा अभिमान होता मला. त्याने ती तशीच बंदराला कळवली. मधे इंजिनात काहीतरी बिघडलं, दोन तास जहाज तरंगत राहिलं, आणि आमची भरती गेली. पुढच्या भरतीपर्यंत नांगर टाकून बसलो. कप्तानाने मला बोलावून हिंदीत विचारलं, "तुझ्या हिशेबात इंजिन बंद पडत नाही का?" मी म्हटलं, नाही सर. तो म्हणाला, "मग तो हिशेब शाळेत ठेवून ये."

तेव्हापासून मी तीनेक तास खिशात ठेवायला लागलो. खरी वेळ निघाली की त्यात ते घालायचे आणि मग कप्तानाला सांगायची. काही बिघडलं तरी मी वेळेत, नाही बिघडलं तर जहाज जरा हळू करायचं, तेल वाचतं, सगळे खूश. कप्तानही आपले दोन-एक तास घालायचा, मला न सांगता. बंदरावरचा आमचा एजंट त्याचा एखादा घालायचा. कोणी कोणाला विचारायचं नाही. अशी कित्येक वर्षं मी कधीही उशिरा पोचलो नाही, आणि माझ्याइतका अचूक सेकंड ऑफिसर कंपनीत दुसरा नाही असं म्हटलं जायचं. मीही ते मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

आता परबांचं सांगतो. ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिलं.

आम्ही ब्राझीलहून कच्ची साखर भरून निघालो होतो. माझे वडील बिद्रीला कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात म्हातारे झाले. त्यांना फोनवर सांगितलं की जहाजात साखर आहे, तर म्हणाले, "साखरंसाठी एवढ्या लांब कशाला जायला पायजे हुतं?"

परब हे जहाजाचे मुख्य आचारी, मालवणचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. लोकांसमोर हिंदीत मला "सेकंड साब, आप" म्हणायचे आणि एकटे असलो की मालवणीत "तू". आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून आमचं रोज भांडण. ते घालायचे नाहीत. मी म्हणायचो, "परबमामा, एवढी हजारो टन साखर खाली हाय, चिमूटभर वर आणा की." ते म्हणायचे, "तुमचा कोल्हापुराक जाव्न घाल." आणि दर दुपारी माझी पाळी संपायच्या वेळी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, चहा घेऊन यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कधी पोचतलांव रे?" घरी बायको, दोन मुली. ते दिवस मोजायचे.

आफ्रिकेचं टोक ओलांडून हिंदी महासागरात आलो तेव्हा एका सकाळी त्यांचा मदतनीस धावत आला. परब पोट धरून भटारखान्यात जमिनीवर बसले होते. उजव्या बाजूला खाली हात लावला की ओरडायचे. ताप होता. औषधांचं कपाट माझ्याकडे, म्हणजे डॉक्टरही मीच. सॅटेलाइट फोनवर खऱ्या डॉक्टरला लक्षणं सांगितली. तो म्हणाला, अपेंडिक्स वाटतं, अमुक इंजेक्शन द्या, तोंडाने काही देऊ नका आणि लवकरात लवकर जमिनीवर न्या. फुटलं तर कठीण आहे.

सगळ्यात जवळ एक बेट होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. आमचे कप्तान केरळचे, कमी बोलणारे, भले गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, "सेकंड, कितना?"

मी मोजलं. चारशे बारा मैल. चीफ इंजिनिअर म्हणाला, इंजिनाचं काय व्हायचं ते होऊ दे, चौदा देतो. हवा चांगली, प्रवाह सोबत. साडेएकोणतीस तास. सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला बंदराबाहेर. कागदावर मी हे स्वतःच्या हाताने लिहिलं.

आणि कप्तानांना सांगितलं, "तेहतीस तास सर. उद्या संध्याकाळी पाच."

का? त्यात विचार नव्हताच. वर्षानुवर्षं हात सवयीने खिशात जायचा, तसा गेला. कप्तानांनी मान हलवली, त्यांचे दोन तास घातले आणि तिथल्या एजंटला संध्याकाळी सात कळवलं. एजंटने होडीवाल्याला आणि डॉक्टरला आठ सांगितलं असणार. भरलेलं जहाज खोल बसलेलं, ते काही बंदराच्या आत जाऊ शकत नव्हतं. आम्ही बाहेर नांगर टाकायचा आणि होडीने येऊन परबांना घेऊन जायचं, असं ठरलं.

इंजेक्शन द्यायला गेलो तेव्हा परब दवाखान्याच्या खोलीत बिछान्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. जहाज डुलत होतं, प्रत्येक डुलण्याला दात आवळायचे. मला बघून विचारलं, "कधी पोचतलांव रे?"

"उद्या पाच वाजता, मामा."

"पाच," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "बरा. पाच म्हणजे पाच मां?"

"पाच म्हणजे पाच."

त्या संध्याकाळी मी पुन्हा मोजलं. दहा तासांत एकशे एक्केचाळीस मैल. जहाज माझ्या खऱ्या हिशेबाने चाललं होतं, मिनिटाचा फरक नव्हता. म्हणजे दुपारी दीड. मी कप्तानांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, कदाचित चारपर्यंत होईल." चार! दीड म्हणायला तोंड उचलेना. न जाणो वारा फिरला तर, इंजिन दमलं तर. कप्तान म्हणाले, "टापू के पास हवा बदलती है. सुबह देखते हैं." त्यांनाही खिशातले काढावेसे वाटले नाहीत.

सकाळी आठला चौऱ्याहत्तर मैल उरले होते. आता लपवायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "सर, दीड वाजता." कप्तानांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला. एजंट म्हणाला, तुम्ही तर सात म्हणाला होता. होडी सकाळीच बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कामावर गेली आहे, पाचच्या आत येत नाही. काल सांगितलं असतं तर ठेवून घेतली असती.

काल मला माहीत होतं.

दीडला तीन मिनिटं कमी असताना आम्ही नांगर टाकला. साखळीचा आवाज अख्ख्या जहाजात घुमतो. मी खाली गेलो. परबांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ते हसत होते. माझा हात धरून म्हणाले, "हाडलंस रे. लवकर हाडलंस." लवकर आणलंस, असं म्हणत होते; मला वाटलं तापात बोलतायत.

समोर किनारा दिसत होता. घरं दिसत होती, रस्त्यावरून जाणारी बस दिसत होती. मी कप्तानांना म्हटलं, आपली लाइफबोट सोडू. बाहेर लाटा बऱ्यापैकी होत्या, उंचावरून आदळत खाली जायचं. ते म्हणाले, त्या हेलकाव्याने जे आत धरून ठेवलंय तेही सुटेल. त्यांचं बरोबर होतं. बंदराच्या कार्यालयाला रेडिओवर दहा वेळा विचारलं, त्यांनी दहा वेळा सभ्यपणे सांगितलं की होडी निघाली आहे. तीनच्या सुमारास परबांचं दुखणं अचानक थांबलं. ते म्हणाले, "आता बरा वाटता." मी औषधांच्या पुस्तकात वाचलं होतं, दुखणं असं अचानक थांबणं म्हणजे आत फुटणं. मी त्यांना म्हटलं, "चांगलं झालं मामा," आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो.

होडी सव्वापाचला आली.

ती परबांना घेऊन गेल्यावर मी ब्रिजवर गेलो आणि कप्तानांना सांगितलं, "सर, मी साडेतीन तास घातले होते." त्यांनी नकाशावरची पेन्सिल उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मैंने दो." आम्ही दोघांनी मिळून ते एका कागदावर लिहून काढलं, पण अहवालात घातलं नाही. अहवालात लिहिलं की हवामान अपेक्षेपेक्षा अनुकूल राहिल्याने जहाज लवकर पोचलं. त्यातलं कुठलंच वाक्य खोटं म्हणून पकडता आलं नसतं.

परब वाचले. तिथल्या सर्जनने फोनवर सांगितलं, आत फुटलं होतं, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर साधं ऑपरेशन झालं असतं. दीड महिना रुग्णालयात, मग घरी, मग आणखी दोन ऑपरेशनं. समुद्रावर जायला वैद्यकीय दाखला लागतो, तो त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. मालवणला त्यांनी छोटी खानावळ काढली. बरी चालली म्हणतात.

कप्तान झाल्यावर माझ्या जहाजावर मी एक नियम केला. सेकंडने वेळेचे दोन आकडे लिहायचे, एक खरा आणि एक सांगायचा, आणि दोन्ही मला दाखवायचे. पोरांना वाटायचं म्हातारा चक्रम आहे. वाटू दे. निवृत्त होईपर्यंत तो नियम मोडू दिला नाही. पण त्याने मालवणचं काही फिटत नव्हतं.

त्या प्रवासानंतर तीन वर्षांनी सुट्टीत मी परबांकडे गेलो. गगनबावड्याच्या घाटात एक वाक्य पाठ केलं होतं. घराशी गाडी थांबली, तर दारात वहिनी ताट घेऊन उभ्या. माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलींना पुढे केलं, "पाया पडा. हेच ते." शेजारची चार माणसं आली. वहिनी त्यांना सांगत होत्या, "पाचाक पोचतलांव म्हणान सांगलेला, आणि ह्यांनी दीडाक हाडल्यानी! साडेतीन तास आधी! इंजिन फुटात म्हणान कोण घाबराक नाय. नांगर पडलो, बोट हलाची थांबली, म्हणान आमचे वाचले." दर वर्षी त्या तारखेला त्या देवाला माझ्या नावाने नारळ देतात हेही तेव्हाच कळलं. आमच्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून नारळ फक्त चटणीला फुटतो. ताटात सुरमई होती. लाज वाटते लिहायला, पण मी पोटभर जेवलो.

जेवण झाल्यावर परब मला मागे परसात घेऊन गेले. तिथे मी पाठ केलेलं वाक्य विसरलो आणि सरळ सगळं सांगून टाकलं. साडेएकोणतीस, तेहतीस, पस्तीस, होडी.

परब माडाला टेकून ऐकत होते.

"म्हणजे बोट लवकर येवक नाय."

"नाही, मामा."

"येळारच इली."

"हो."

"आणि होडी?"

"होडी मी सांगितलेल्या वेळेला आली."

ते पायाने वाळू सारखी करत राहिले. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटत होतं. ते म्हणाले, "माका तरी खरा सांगूक होया होता रे. मी खंय कोणाक सांगणार होतंय?"

कप्तानाला वाढवून सांगितलं त्याला निदान सवय हे कारण आहे. पण बिछान्यावरच्या माणसाला? तो घड्याळाकडे बघून एकेक तास सोसत होता आणि मी त्याला साडेतीन तास जास्तीचे दिले.

मग घराकडे बघून त्यांनी आवाज खाली केला. "तिका सांगा नको. तिका वाटता, माझ्यासाठी कोणतरी धावला. ता तसाच ऱ्हवांदे. मी असासर सांगा नको."

मी शब्द दिला, ते असेपर्यंत नाही सांगणार. तो पाळला. दर वर्षी त्या दिवशी मालवणहून फोन यायचा, "भावजी, नारळ दिलंय हां तुमच्या नावान." मी म्हणायचो, बरं वहिनी.

परब गेल्या शिमग्यानंतर गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. मला वाटलं यंदा फोन येणार नाही. आला. वहिनी म्हणाल्या, "ते नाय म्हणान काय झाला? नारळ चुकाचो नाय."

हा अंक छापून आला की एक प्रत मी मालवणला पाठवणार आहे. वहिनींना वाचता येतं, चष्मा लावून सगळं वाचतात. वहिनी, जहाज लवकर आलं नव्हतं. ते त्याच्या वेळेला आलं, आणि ती वेळ मला आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता माहीत होती. परबमामांना मी दुसरी सांगितली. त्यांच्यासाठी जहाज धावलं हे खरं आहे, सगळं इंजिन लावून धावलं. मी धावलो नाही. यंदाचा नारळ दिलात तो दिलात. पुढच्या वर्षी माझ्या नावाने देऊ नका.